आलं की गेलं

त्याला सगळी गल्ली कावळा म्हणायची, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, त्याला तर मुळीच नाही. जो माणूस तीस वर्षं लोकांच्या छपरांवरच दिसला, पत्र्याच्या कडेला उकिडवा बसून, तोंडात दोन स्क्रू धरून अँटेनाची काठी फिरवताना, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? गल्लीत नवं बिऱ्हाड आलं, की पहिल्या आठवड्यात तिथे कावळा जाऊन यायचाच. त्याच्या बायकोला मात्र कुणी कावळी म्हटलं नाही. तिला सगळे वहिनी म्हणत, कारण तिची जीभ तिखट होती आणि लोकांना आपली अब्रू प्यारी होती.

कावळ्याच्या कामाला दोन माणसं लागत. तो वर छपरावर काठी फिरवणार आणि घरातलं कुणीतरी टीव्हीसमोरून खिडकीपर्यंत धावत येऊन ओरडणार. चित्र दिसलं की ‘आलं!’, पुसलं की ‘गेलं!’, आणि पडदाभर पांढरे ठिपके वळवळायला लागले की ‘मुंग्या!’. एवढ्या तीन शब्दांवर त्याचा धंदा चालला. काठी हलवण्याआधी मूळच्या जागी लाल ठिपका द्यायचा, म्हणजे बिघडलंच तर निदान होतं तिथे परत आणता येतं, अशी त्याची शिस्त. ठिपक्यासाठी तो वहिनींची नखं रंगवायची बाटली न्यायचा. वहिनींची नखं कधी रंगली नाहीत, पण गावातल्या निम्म्या अँटेना रंगल्या. काम झालं की खाली येऊन टीव्हीचा नॉब एक ते बारा असा पुरा फिरवून पाहायचा, सगळी चॅनेलं तपासायची आणि मग टीव्हीच्या डोक्यावर दोनदा थोपटून निघायचं. त्या दोन थापा पडल्याशिवाय तो कुणाच्या घरून बाहेर पडला नाही.

त्या दोघांचं जमलंही असंच. वहिनींच्या वडिलांकडे टीव्ही आला तेव्हा खिडकीत ओरडायचं काम मुलीकडे आलं. चित्र पहिल्या पाच मिनिटांत आरशासारखं स्वच्छ आलं होतं. पण वर छपरावर जो उभा होता तो दिसायला बरा होता, म्हणून ती दीड तास ‘गेलं, गेलं’ करत राहिली. भर उन्हात त्याचा पार घामटा निघाला. लग्नानंतर कधीतरी त्याने सांगितलं, की मला तेव्हाच कळलं होतं तू खोटं बोलतेस. काठीचं तोंड कुठे आहे ते मला दिसत होतं, त्यासाठी चित्र कशाला बघायला हवं? मग उतरला का नाहीस, असं तिने विचारलं, तर म्हणाला, तू बोलावलं नाहीस.

असा हा बोलका माणूस. छपरावरून पडला असता तर लोकांना निदान समजलं असतं. पण तो पडला घरात, सपाट जमिनीवर, आरशासमोर दाढी करताना. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. दोन महिन्यांनी दवाखान्यातून घरी आला तेव्हा बरोबर एकच शब्द घेऊन आला. हो. पाणी हवंय? हो. नको? हो. दुखतंय? हो. डॉक्टर म्हणाले, आत समज शाबूत असेल, फक्त बाहेर येत नाही. वहिनींनी ते ‘असेल’ बरोबर पकडलं. ‘आहे’ म्हणाले असते तर त्या निर्धास्त झाल्या असत्या आणि ‘नाही’ म्हणाले असते तर रडून मोकळ्या झाल्या असत्या. त्या ‘असेल’वर त्यांनी चार वर्षं काढली. रोज संध्याकाळी त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसत आणि आत कुणी आहे का याचा अंदाज घेत.

वहिनी रुग्णालयाच्या धुलाईखात्यात होत्या. इस्त्रीच्या गरम रुळांमधून चादरी सपाट होऊन बाहेर येत, दोन बायकांनी चार कोपरे धरायचे, एकमेकींकडे चालत जायचं, घडी घालायची, पुन्हा मागे जायचं. सकाळी साडेसहाला घर सोडायचं आणि साडेतीनला परत. तेवढा वेळ कावळा एकटा. खालच्या मजल्यावरच्या मावशींकडे किल्ली होती. त्या दुपारी येऊन त्याला भरवून जात. उरलेले तास तो आणि टीव्ही.

टीव्ही त्याचाच जुना, लाकडी पेटीतला, गोल नॉबवाला. त्यांच्या मुलीने मध्यंतरी एक सपाट नवा पाठवला होता, पण त्याच्या रिमोटवर चाळीस बटणं, मुंगीएवढी. कावळ्याचा डावा हात थरथरायचा, एकाच्या जागी तीन दाबली जायची, पडद्यावर भलत्याच याद्या उघडायच्या आणि तो कपाळावर घाम येईपर्यंत रिमोटशी झुंजत बसायचा. शेवटी वहिनींनी तो टीव्ही मुलीला परत पाठवला आणि हा जुना कपाटावरून खाली काढून खिडकीजवळ, त्याच्या डाव्या हाताला येईल असा मांडला. नॉब मात्र त्याला जमला. अख्ख्या पंजाने धरायचा आणि पिळायचा. खट. दुसरं चॅनेल. आवडलं नाही तर पुन्हा खट. अंघोळ दुसऱ्याने घालायची, घास दुसऱ्याने भरवायचा, कूस दुसऱ्याने बदलायची, पण पुढे काय बघायचं ते तो ठरवायचा. अख्ख्या दिवसात त्याच्या मर्जीने होणारी गोष्ट ती एवढीच, हे वहिनींना पुरतं ठाऊक होतं. म्हणून त्या नॉबला त्या जिवापाड जपायच्या.

मग पडद्याच्या तळाशी एक पट्टी सरकायला लागली. जुनं प्रसारण अमुक तारखेला बंद, पुढचं सगळं डिजिटल, जुन्या संचांना बॉक्स जोडून घ्यावा. तीन महिने ती पट्टी सरकत होती. कावळ्याला अक्षरं आता लागत नव्हती. वहिनींनी ती त्याला दोनदा वाचून दाखवली, समजावून सांगितली. तो हो म्हणाला.

तारखेच्या आदल्या दिवशी मेकॅनिक बॉक्स घेऊन आला. चाळिशीचा, घाईत असलेला आणि तरी भला माणूस. कावळ्याला पाहून त्याने वाकून त्याचा डावा हात हातात घेतला, कारण हा धंदा करणाऱ्यांत त्याला न ओळखणारं कुणी नव्हतं. अँटेनाची वायर बॉक्समध्ये, बॉक्सची वायर टीव्हीत, असं त्याने जोडून दिलं. मग वहिनींना म्हणाला, की टीव्हीचा नॉब आता कायम तीनवर ठेवायचा, तीनवरच बॉक्सचं चित्र दिसणार, बाकी सगळीकडे उद्यापासून मुंग्या. चॅनेल बदलायचं ते रिमोटने.

“पण हे रिमोट नाही चालवू शकत,” वहिनी म्हणाल्या. “हे नॉब फिरवतात.”

मेकॅनिकने कावळ्याकडे पाहिलं, नॉबकडे पाहिलं आणि मान खाजवली. नॉबला नव्या व्यवस्थेत काही कामच उरलं नाही, असं त्याने खालच्या आवाजात सांगितलं. फारच फिरवायला लागले तर काढूनच ठेवा, नुसता ओढला की निघतो. आता कशालाही हात लावू नका, असं दारातून पुन्हा बजावून तो गेला. त्या आठवड्यात त्याला जेवायलासुद्धा फुरसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी वहिनी कामावरून आल्या तर जिन्यातच त्यांना खरखर ऐकू आली. कावळा मुंग्यांसमोर बसला होता. नॉब सातवर होता. किती तास तो असा बसला होता कोण जाणे. मावशी म्हणाल्या, दुपारी मी आले तेव्हाही असंच होतं, मला वाटलं बिघडला. वहिनींनी नॉब तीनवर आणला, चित्र आलं. त्यांनी त्याला शांतपणे सांगितलं, हा इथेच ठेवायचा, हलवायचा नाही. हो, तो म्हणाला. वहिनी वळल्या आणि मागे आवाज झाला. खट.

आठवडाभर हेच. त्यांनी नॉबवर चिकटपट्टी लावली, ती त्याने नखाने खरवडून काढली. त्यांनी लाडीगोडी लावली, धमकावलं. एकदा त्या इतक्या संतापल्या, की लहान मुलाला दटावतात तसा त्यांनी त्याच्या हातावर हात उगारला आणि मग स्वतःच घाबरून स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. त्यांना वाटायला लागलं, की डॉक्टरांच्या त्या ‘असेल’चं उत्तर हे असं मिळतंय. आत कुणी नाही. हात सवयीने फिरतो, बस.

त्यात त्याने एक नवंच सुरू केलं. नॉब एक ते बारा असा पुरा फिरवायचा आणि मग डावं बोट उचलून वर दाखवायचं. वहिनींनी वर पाहिलं. पंखा होता. पंखा लावला, बोट तसंच. पंखा बंद केला, बोट तसंच. छताच्या कोपऱ्यातलं कोळिष्टक काढलं. अंगाला वारा लागतोय म्हणून चादर पांघरली, ती त्याने फेकून दिली. वरून आता बोलावणं आलंय असं तर म्हणत नसेल ना, हाही विचार मनात आला, आणि त्या दिवशी चादरींच्या घड्या घालताना त्यांचे दोन कोपरे सारखे हातातून सुटत राहिले.

शेवटी त्यांनी मेकॅनिकचं ऐकलं. एका सकाळी निघताना नॉब ओढून काढला आणि पिशवीत टाकला. चित्र तीनवर राहिलं. दिवसभर तरी माणसांचे चेहरे दिसतील, मुंग्या नाही दिसणार, एवढाच त्यांचा हेतू. साडेतीनला आल्या तर खरोखरच चित्र नीट चाललं होतं. कावळा त्याकडे बघत नव्हता. नॉबच्या जागी जी लोखंडी दांडी उघडी पडली होती, ती तो दोन बोटांनी पिळत होता. बोटांची सालं निघाली होती आणि टीव्हीच्या पेटीवर रक्ताचे डाग पडले होते. वहिनींनी पिशवीतून नॉब काढला, जागेवर बसवला, बोटांना औषध लावलं आणि त्या त्याच्या पायाशी बसून बराच वेळ रडल्या. त्याने बोट वर केलं.

मावशी ताट न्यायला आल्या होत्या. त्यांनी ते बोट पाहिलं आणि सहज बोलून गेल्या.

“अगं, कावळा कुठे बोट दाखवणार? छपरावरच की.”

वहिनी रडायच्या थांबल्या. एक ते बारा. पुरा फेरा. हे खूळ नव्हतं, ही तपासणी होती. बाराच्या बारा चॅनेलं तपासायची, मुंग्या असल्या तर वर जायचं, काठी फिरवायची. चार वर्षांत हा माणूस छपरावर चढला नव्हता आणि त्याच्या हिशेबाने त्याच्या घरची अँटेना फिरली होती. गावात सगळ्यांकडे दिसतंय, आपल्याकडेच दिसत नाही, आणि चूक आपल्या काठीची आहे, हे तो आठ दिवस ओरडून सांगत होता. ओरडायला त्याच्याजवळ एक बोट होतं.

त्यांनी त्याला समजावलं. मुंग्या काठीमुळे नाहीत, प्रसारणच बंद झालंय, तिकडून काही येतच नाही, तुमचं काही चुकलेलं नाही. त्याने ऐकून घेतलं. हो म्हणाला आणि बोट वर केलं.

मग वहिनींनी ठरवलं. वर जायचं. काठी जराशी फिरवायची, त्याच्या मनाची खात्री करायची आणि पुन्हा होती तशी ठेवायची. त्यांनी कॉटखालून त्याची हत्यारांची पिशवी ओढली. चार वर्षांची धूळ होती तिच्यावर. त्यांनी एक पाना काढला. कावळ्याने तो बाजूला सारला. दुसरा काढला. तोही सारला. मग त्याने स्वतः पिशवीत डावा हात घातला, चाचपडत एक पाना शोधला आणि त्यांच्या हातात दिला. काठी घट्ट धरणाऱ्या क्लॅम्पचा पाना, बरोबर मापाचा.  आत माणूस होता. चार वर्षं आतच होता आणि आज त्याने दार उघडून हातात पाना ठेवला होता.

त्यांनी त्याची खुर्ची खिडकीशी घेतली, डाव्या हाताला टीव्ही, समोर उघडी खिडकी. “मी वर जाते. तुम्ही सांगा,” त्या म्हणाल्या. लोखंडी शिडीने त्या छपरावर चढल्या, पन्नाशी उलटलेली बाई, कामावरच्या चपला घालून. उतरतं ऊन होतं. नट गंजला होता, पण पाना बरोबर बसला. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला, तो सुटला, आणि काठी त्यांना वाटलं त्याहून कितीतरी सैल होऊन गरकन फिरली. त्यांनी ती पकडली आणि अंदाजाने परत वळवली.

“अहो, आलं का?” त्यांनी कडेशी येऊन विचारलं.

“हो!” खालून आवाज आला. चार वर्षांत तो इतक्या मोठ्याने बोलला नव्हता.

त्यांनी थोडी आणखी फिरवली. “आता? गेलं का?”

“हो!”

“मुंग्या आहेत का?”

“हो!”

तिसऱ्या की चौथ्या प्रश्नाला त्यांच्या लक्षात आलं, की आपण काय करून बसलो. त्या काहीही विचारोत, खालून ‘हो’च येणार. तरी त्या विचारत राहिल्या, कारण त्या आवाजात इतका जोर होता, की थांबायचं धैर्य होईना. दोन प्रश्नांच्या मध्ये खालून नॉबची खटखट ऐकू येत होती. तो प्रत्येक वेळी बाराच्या बारा तपासत होता. समोरच्या इमारतीतली माणसं खिडक्यांत येऊन बघायला लागली. वहिनींनी नट आवळला आणि त्या खाली उतरल्या.

खोलीत आल्या तर नॉब नेमका तीनवर होता आणि पडदा निळा होता. मधोमध पांढऱ्या अक्षरांत ‘सिग्नल नाही’. मुंग्यासुद्धा नव्हत्या.

त्यांनी मेकॅनिकला फोन लावला. तो कुठल्या तरी छपरावरच होता. त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, की जुनं चित्र बिचारं तग धरायचं, काठी थोडी हलली तरी फिकट का होईना दिसायचं. हे तसं नाही. हे असतं तेव्हा पूर्ण असतं, नाहीतर काहीच नसतं.

“हलवण्याआधी खूण केली होती ना?” त्याने विचारलं.

 गावातल्या निम्म्या छपरांवर वहिनींच्या बाटलीतले ठिपके होते आणि आज त्यांनी स्वतः काठीला हात लावला तेव्हा त्यांना ते आठवलं नव्हतं. मेकॅनिक म्हणाला, दहा दिवसांनी जमेल, त्याआधी कितीही मनात असलं तरी शक्य नाही. त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला. पुन्हा वर गेल्या, ऊन संपेपर्यंत काठीशी झटल्या, इंच इंच फिरवली. मावशींना टीव्हीसमोर बसवलं होतं, पण त्यांना पडद्यावरचं धड दिसत नव्हतं. निळं ते निळंच राहिलं.

अंधारायला लागलं तेव्हा त्या हात पुसत आत आल्या. मावशी आपल्या घरी गेल्या होत्या. कावळा घामाने भिजला होता, केस कपाळाला चिकटले होते आणि चेहऱ्यावर ते होतं, जे वहिनींनी चार वर्षांत पाहिलं नव्हतं. काम करून आलेल्या माणसाचा थकवा. तो त्यांच्याकडे टक लावून बघत होता. त्याने विचारलं काहीच नाही, विचारायला शब्दच नव्हता. पण प्रश्न एकच असू शकत होता आणि तो आयुष्यभर त्याने वरून विचारला होता.

दहा दिवस. रोज नऊ तास, समोर निळा पडदा. वहिनी टीव्ही आणि त्याच्यामध्ये आडव्या उभ्या राहिल्या. निळा उजेड त्यांच्या पाठीवर पडला असेल.

“आलं,” त्या म्हणाल्या. “सगळं आलं बघा. झालं तुमचं काम.”

कावळ्याने पडद्याकडे मान वळवली नाही. तो त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत राहिला, आणि वहिनींना कळलं, की चित्र न बघता त्यांचं खोटं ओळखायला तो विसरलेला नाही. मग त्याने डावा हात लांब करून नॉब पकडला. पिळला नाही. सरळ ओढला, उपसून काढला, सालं निघालेल्या बोटांनी त्यांचा तळवा उघडला आणि त्यात ठेवून वरून मूठ मिटवली.

“हो,” तो म्हणाला.